आकडे पाठ असलेल्या सिनेरसिकास

वाचकाचे पत्र :

ताई, माझे वय ३३ आहे. सांगलीत एका खासगी कारखान्याच्या लेखा विभागात नोकरी करतो. मोठा चित्रपट लागला की पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जायचे, हा आम्हा पाच मित्रांचा महाविद्यालयापासूनचा नेम आहे. चित्रपटांविषयी माझी मते ठाम असतात आणि ती मी अभ्यास करून बनवतो. टीझर कसा होता, आगाऊ तिकिटे किती गेली, पहिल्या दिवसाची कमाई किती झाली, हे सारे माझ्या वहीत लिहिलेले असते. गेल्या वर्षी ‘छावा’ पाहून बाहेर पडताना मी म्हणालो की, पूर्वार्ध नुसता गोंगाट आहे आणि पार्श्वसंगीत त्या काळाशी जुळत नाही. माझा सर्वांत जुना मित्र तेव्हा डोळे पुसत होता. तो म्हणाला, “निदान महाराजांच्या बाबतीत तरी तोंड आवर.” तेव्हापासून आमचे बोलणे जेवढ्यास तेवढे आहे. डिसेंबरात ‘धुरंधर’ पाहायला चौघेही मला न सांगता गेले. पत्नी म्हणते, “तुमच्याबरोबर सिनेमा बघायचा म्हणजे परीक्षेला बसल्यासारखे वाटते.” तिला ‘बाईपण भारी देवा’ फार आवडला होता. तो इतका का चालला याचे गणित मी तिला समजावून सांगितले होते, त्याचा राग तिच्या मनात अजून आहे. आता पाडव्याला ‘धुरंधर’चा दुसरा भाग, १ मे रोजी ‘राजा शिवाजी’ आणि दिवाळीत ‘रामायण’ येणार आहे. ‘रामायण’ची झलक पाहूनच त्यात दम नसल्याचे मी सर्वांना सांगून ठेवले आहे. माझे अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतात. मग लोक दुखावतात का? मी मत मांडणेच सोडून द्यावे का? ता.क. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनचा ‘ओडिसी’ आयमॅक्सच्या भव्य पडद्यावर पाहण्यासाठी पुण्याला जाणे योग्य ठरेल का, तेही सांगावे.
— एक सिनेवेडा, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा सल्ला देणारी म्हणून वाचले आणि दुसऱ्यांदा तुमच्याइतकीच सिनेमाची वेडी म्हणून. दुसऱ्या वाचनात एक गोष्ट ठळकपणे जाणवली. तुम्ही इतक्या चित्रपटांची नावे घेतली आहेत, परंतु त्यांपैकी एकाही चित्रपटातला एकही प्रसंग, एकही चेहरा, एकही संवाद तुमच्या पत्रात आलेला नाही. डोळे पुसणारा मित्र आला आहे, रागावलेली पत्नी आली आहे, आगाऊ तिकिटांची वही आली आहे. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पडदा मात्र कोठेच नाही. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला तेथेच सापडले. मत मांडणे मुळीच सोडू नका. परंतु तुम्ही ज्याला मत म्हणता, त्यातले पुष्कळसे मत नसून हिशेब आणि भाकीत आहे, आणि लोक त्याला कंटाळले आहेत.

हे मी तुटकपणे लिहीत नाही, कारण हिशेबाच्या घरातच मी वाढले. माझे वडील एका तालुक्याच्या गावी चित्रपटगृहात बुकिंग क्लार्क होते. रात्रीचा शेवटचा खेळ सुरू झाला की ते खिडकी बंद करून डीसीआर, म्हणजे दिवसाच्या विक्रीचा तक्ता, भरायला बसत. स्टॉलची तिकिटे इतकी, बाल्कनीची इतकी, करमणूक कर इतका, शिल्लक इतकी, असा तो तक्ता असे आणि वितरकाचा माणूस शेजारी बसून प्रत्येक आकडा डोळ्यांत तेल घालून तपासत असे. चित्रपट किती पैसे मिळवतो हे आमच्या गावात त्यांच्याइतके नेमके कोणालाच ठाऊक नव्हते. पण घरी आल्यावर आई जेवण वाढताना “कसा आहे हो नवा सिनेमा?” असे विचारी, तेव्हा त्यांनी कधी तक्त्यातला आकडा सांगितल्याचे मला आठवत नाही. ते सांगत, “आई मुलाला ओळखत नाही त्या प्रसंगात बायकांच्या बाजूला एकीचेही डोळे कोरडे नव्हते.” किंवा, “मारामारी सुरू झाली की माणसे बिडी ओढायला बाहेर येतात.” रिळांची पेटी कोणत्या गावाहून आली आणि रीळ कोठे तुटले, हेसुद्धा सांगत. आईला त्यावरून समजे की, शनिवारी जायचे की नाही.

तुम्ही हिशेबाचे माणूस आहात, म्हणून थोडे हिशेबानेच बोलते. तुम्ही २३६ रुपयांचे तिकीट काढले असे समजा. शंभर रुपयांपेक्षा महाग तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे त्यातले ३६ रुपये सरकारजमा झाले. जाहिरातीत झळकतो तो ग्रॉस आकडा २३६ रुपयांवरून निघतो आणि व्यापारातली माणसे ज्याला नेट म्हणतात तो २०० रुपयांवरून. या दोनशे रुपयांतही चित्रपटगृहाचा वाटा असतो. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात या वाटणीवरूनच सुमारे दोन महिने संप चालला होता. तो मिटताना ठरलेले सूत्र असे होते की, वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ टक्के आणि त्यानंतर ३० टक्के मिळावेत. म्हणजे या सूत्राने तुमच्या २३६ रुपयांतले १०० रुपये पहिल्या आठवड्यात वितरकाच्या हाती पडतात आणि तेच तिकीट तुम्ही चौथ्या आठवड्यात काढले तर ६० रुपये पडतात. निर्मात्याचा सारा जीव पहिल्या शुक्रवारी ते रविवारी का अडकलेला असतो, पहाटेचे खेळ का लावले जातात, आगाऊ विक्रीच्या बातम्या आठवडाभर आधीपासून का पेरल्या जातात, याचे उत्तर या उतरत्या टक्क्यांत आहे. पहिल्या दिवशीच सोक्षमोक्ष लागला पाहिजे ही घाई त्यांच्या धंद्याची गरज आहे. ती तुमच्या अंगात कशी भिनली, याचा विचार करा. तुम्हाला येणारी मजा काही चौथ्या आठवड्यात कमी होत नाही.

शिवाय हे आकडे वाटतात तितके स्वच्छ नसतात. देशातली कमाई कोणी नेटमध्ये सांगतो, परदेशातली ग्रॉसमध्ये सांगतो आणि बेरीज मात्र एकच छापतो. तुमच्या कारखान्याच्या ताळेबंदात असे कोणी केले, तर तुम्ही त्यावर सही कराल का?

आता तुमच्या अंदाजांविषयी. ते बरोबर येत असतील हे मी मान्य करते, कारण झलक पाहून नाक मुरडणारे कधी कधी खरे ठरतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘आदिपुरुष’चा टीझर आला तेव्हा त्यातल्या संगणकी दृश्यांवर एवढी टीका झाली की, जानेवारी २०२३ मध्ये येणारा चित्रपट १६ जूनपर्यंत पुढे ढकलावा लागला, आणि एवढे करूनही प्रदर्शनानंतर त्यातले काही संवाद बदलावे लागले. पण त्याच प्रामाणिकपणे गेल्या वर्षाची वही उघडून पाहा. १४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘वॉर २’ आणि ‘कुली’ एकाच दिवशी आले तेव्हा वर्षातली मोठी झुंज म्हणून त्यांचा गाजावाजा झाला होता, आणि ‘वॉर २’ अपेक्षेच्या जवळपासही पोहोचला नाही. त्याआधी महिनाभर, १८ जुलैला, नायक-नायिका दोघेही नवखे असलेला ‘सैयारा’ आला आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या हिंदी यशांमध्ये जाऊन बसला. पुढच्याच शुक्रवारी आलेला ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट तर पहिल्या दिवशी कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. तो माउथ पब्लिसिटीवर दिवसागणिक वाढत गेला. यांपैकी किती अंदाज तुम्ही जुलैच्या आरंभी लिहून ठेवले होते, ते मला कळवण्याची गरज नाही. स्वतःशी ताडून पाहिलेत तरी पुरे. ऑगस्ट १९७५ मध्ये ‘शोले’ लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत व्यापारातल्या जाणकारांनी तो पडला असेच ठरवले होते आणि पुढे मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. सगळी हयात या धंद्यात काढलेल्यांचे जेथे असे होते, तेथे आपली काय कथा!

(जाता जाता : ‘सैयारा’ला खेळ देण्यासाठी त्याच दिवशी लागलेल्या ‘ये रे ये रे पैसा ३’ या मराठी चित्रपटाचे खेळ कमी केले गेले आणि त्यावरून बराच वाद झाला, हे तुम्हाला आठवत असेल. पहिल्या आठवड्याच्या या रेटारेटीत मराठी चित्रपटाला माउथ पब्लिसिटी होईपर्यंतचा अवधीच मिळत नाही. तरीही सप्टेंबरात ‘दशावतार’ उभा राहिला, याचे श्रेय दिलीप प्रभावळकरांना जितके आहे तितकेच पाहून आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना “जाऊन या” असे सांगणाऱ्यांनाही आहे. तुमच्यासारख्या बोलक्या रसिकाचा खरा उपयोग तेथे आहे.)

आता मित्राकडे येते, कारण तुमच्या पत्रातली खरी वेदना तीच आहे असे मला वाटते.

‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी लागला. महाराष्ट्रात तो ज्यांनी पहिल्या आठवड्यात पाहिला त्यांना ते वातावरण सांगायला नको. खेळ सुरू होण्याआधी गारद, मधूनमधून जयघोष, आणि शेवटच्या भागात, संगमेश्वराहून पुढे सारे तुळापूरकडे जाऊ लागते तेव्हा, एकाएकी पसरलेली शांतता. आमच्या चित्रपटगृहात दिवे लागल्यावरही बराच वेळ कोणी उठले नाही. तुमचा मित्र डोळे पुसत होता याचा अर्थ तो दारातून बाहेर आला असला तरी चित्रपटातून बाहेर आलेला नव्हता. अशा वेळी तुम्ही पूर्वार्धाविषयी बोलू लागलात. तुमचे म्हणणे चूक होते असे मी मुळीच म्हणणार नाही. खरे सांगायचे तर ते मला पुष्कळसे पटते. रहमानचे पार्श्वसंगीत काही ठिकाणी मलाही परके वाटले आणि पहिल्या तासाभरात कोणी दम घेऊन चार वाक्ये बोलेल तर बरे, असे वाटत राहिले. पण मी त्याच चित्रपटातला, टोपी विणत बसलेला, जवळजवळ काहीच न बोलणारा अक्षय खन्नाचा औरंगजेब विसरू शकत नाही. एवढ्या आरडाओरड्याच्या चित्रपटात सर्वांत भीती वाटते ती त्या गप्प बसलेल्या म्हाताऱ्याची, आणि असे का व्हावे, यावर तुमच्यासारख्या माणसाशी अर्धा तास बोलायला मला आवडेल. मात्र ते दुसऱ्या दिवशी.

“महाराजांच्या बाबतीत तरी तोंड आवर” हे मित्राचे वाक्य तुम्हाला अन्यायाचे वाटले असणार, आणि त्यात तुमचीही बाजू आहे. चित्रपटाला नावे ठेवणे म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांना नावे ठेवणे नव्हे. हा चित्रपट शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून लक्ष्मण उतेकरांनी केला आहे. त्यात लेखकाची निवड आहे, दिग्दर्शकाची निवड आहे, संकलकाची कात्री आहे आणि यांपैकी प्रत्येक गोष्टीवर बोलण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्याला आहे. जानेवारी २०२५ मध्ये ट्रेलर आला तेव्हा त्यातल्या लेझीम नृत्याच्या दृश्यावर ज्यांनी आक्षेप घेतला, ते महाराजांविषयीच्या आदरापोटीच बोलत होते, आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढूनही टाकले. म्हणजे टीका आणि श्रद्धा एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, याचा दाखला या चित्रपटाच्या बाबतीतच घडलेला आहे. हा मुद्दा तुमच्या मित्रालाही पटेल, पण तो तुम्ही त्याच्यापुढे मांडू नये अशी माझी विनंती आहे. तुम्हा दोघांत वाद पार्श्वसंगीतावरून झालेलाच नाही. एक माणूस रडत असताना त्याच्या सर्वांत जुन्या मित्राचे लक्ष त्याच्याकडे नव्हते, एवढेच त्याच्या मनाला लागले आहे.

म्हणून त्याच्या घरी जा. फोनवर संदेश पाठवून हे काम होणार नाही, आणि चौघांसमोर तर मुळीच नाही. “तू रडत होतास तेव्हा मी बोलायला नको होते,” एवढे एकच वाक्य म्हणा आणि त्याच्यापुढे ‘पण’ जोडू नका. मत मागे घेतल्याचे नाटकही करू नका. तो तुम्हाला इतकी वर्षे ओळखतो, त्याला ते तत्काळ कळेल आणि अधिकच वाईट वाटेल. त्यानंतर त्याला विचारा की, त्याला नेमके कोठे भरून आले. कदाचित कोणीतरी लहानपणी त्याला ती कादंबरी मोठ्याने वाचून दाखवली असेल. कदाचित वडिलांबरोबर केलेली तुळापूरची एखादी सहल त्याच्या मनात असेल. कदाचित यांतले काहीच नसेल आणि तो केवळ चांगल्या अभिनयाने हलला असेल. वर्ष होत आले तरी तुम्ही हे त्याला विचारलेले नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

‘धुरंधर’ला चौघे तुम्हाला न सांगता गेले हे मात्र त्यांचे चुकले, आणि तसे तुम्ही त्यांना हसत हसत सांगू शकता. तथापि त्यांची बाजूही क्षणभर पाहा. चित्रपटाची लांबी तीन तास चौतीस मिनिटे. मध्यंतर आणि जाहिराती धरल्या तर चार तास तुमच्या शेजारी काढायचे. अक्षय खन्ना नाचत आत येतो तेव्हा त्यांना मनसोक्त शिट्टी मारायची होती, आणि त्या वेळी कानाशी “पहिल्या दिवशी किती टक्के खुर्च्या भरल्या होत्या माहीत आहे का?” असा प्रश्न नको होता. याच चित्रपटाला ज्या समीक्षकांनी नावे ठेवली त्यांच्यावर समाजमाध्यमांत शिव्यांचा एवढा भडिमार झाला की, त्यांच्या संघटनेला जाहीर निवेदन काढावे लागले. तुमच्या मित्रांनी तुम्हाला शिव्या दिल्या नाहीत, ते फक्त गुपचूप निघून गेले. या दिवसांत ही सभ्यताच म्हणायची.

पत्नीच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते, कारण तिने फार नेमके वाक्य उच्चारले आहे. परीक्षेला बसल्यासारखे वाटते, म्हणजे उत्तर बरोबर की चूक हे ठरवणारा कोणीतरी शेजारी बसलेला असतो. ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ रोजी आला. सहा बहिणी, त्यांचे हेवेदावे, पाळी जाण्याच्या वयातली चिडचिड, मंगळागौरीची स्पर्धा. गावोगावच्या बायका नऊवारी नेसून, गट करून, काही जणी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशिवाय चित्रपटगृहात गेल्या. हे सारे तुमच्या गणितात आलेच असेल : पावसाळ्याचा मोसम, गटाने होणारी विक्री. तुम्ही तिला तो का चालला ते सांगितलेत. तिला तो का आवडला, हे ती सांगणार होती आणि त्याला वावच उरला नाही. अडीच वर्षे उलटली असली तरी अजून वेळ गेलेली नाही. एखाद्या संध्याकाळी, दूरचित्रवाणी बंद असताना, तिला विचारा की, त्या सहा बहिणींपैकी तिला कोण जवळची वाटली. उत्तर ऐकून थक्क व्हाल, असा माझा अंदाज आहे. अंदाज करायला मलाही आवडते!

पुढचे दोन-तीन चित्रपट तिला निवडू द्या. मध्यंतरात फोन काढून कमाईचे आकडे पाहणे पूर्णपणे बंद करा, कारण शेजारच्या माणसाला त्या उजेडात फक्त तुमचे कंटाळलेले तोंड दिसते. चित्रपट सुटल्यावर पहिले वाक्य तिचे असू द्या. ती घरापर्यंत काही बोलली नाही, तर तुम्हीही गप्प राहा. हे पाळायला किती कठीण जाते ते मला ठाऊक आहे. मी स्वतः एकदा जिन्यातच बोलून बसले होते आणि बहिणीने रिक्षात माझ्याकडे पाठ फिरवली होती.

आता येणाऱ्या चित्रपटांविषयी. हे उत्तर जानेवारी २०२६ मध्ये लिहीत आहे, त्यामुळे तारखा जाहीर झाल्याप्रमाणे धरते. पाडव्याला, १९ मार्च रोजी, ‘धुरंधर’चा दुसरा भाग आणि कन्नड अभिनेता यश याचा ‘टॉक्सिक’ असे दोन्ही चित्रपट जाहीर झालेले आहेत. कोण कोणाला खाणार याची चर्चा महिनाभर तुमच्या कानांवर आदळेल. या एका प्रसंगी तुम्ही गप्प राहून पाहिलेत, तर मित्रांना तो मोठा धक्का असेल.

खरी कसोटी १ मे रोजी आहे. ‘राजा शिवाजी’चे दिग्दर्शन रितेश देशमुखचे आहे, प्रमुख भूमिकेतही तोच आहे, संगीत अजय-अतुल यांचे आहे आणि दिवस महाराष्ट्र दिनाचा आहे. म्हणजे ‘छावा’च्या वेळचे सारे पुन्हा घडणार, कदाचित वाढत्या प्रमाणात. तेव्हा आधीच ठरवून टाका की, बाहेर पडल्यापासून टपरीवरचा पहिला चहा संपेपर्यंत तुम्ही चित्रपटावर बोलणार नाही. आणि बोलाल तेव्हा जे पाहिले तेवढ्यावरच बोला : अमुक लढाईत कोण कोठे उभा आहे ते समजले नाही, तमुक प्रसंगात चेहऱ्यापेक्षा पोशाखच अधिक दिसला, या गाण्यात काटा आला. असे बोलणे ऐकून कोणी दुखावत नाही, कारण त्याला उत्तर देता येते. “गोंगाट आहे” याला काय उत्तर देणार?

‘रामायण’विषयी तुम्ही जे सांगून ठेवले आहे, ते मात्र मागे घ्या. ३ जुलै २०२५ रोजी आलेल्या त्या झलकेत रणबीर कपूर आणि यश जेमतेम काही क्षण दिसतात. बाकीचा बहुतेक भाग चित्रमालिका आणि नामावली यांनीच व्यापलेला आहे. साई पल्लवीची सीता आपण पाहिलेली नाही, नितेश तिवारींनी एकही संवाद ऐकवलेला नाही. एवढ्यावरून फार तर इतके म्हणता येईल की, झलकेतली दृश्ये तुम्हाला कृत्रिम वाटली. दोन्ही भाग मिळून सुमारे ४,००० कोटी रुपये खर्चाची गोष्ट निर्मात्यानेच केलेली आहे, त्यामुळे दिवाळीत हा आकडा प्रत्येकाच्या तोंडी असेल. तुमच्या तोंडी नसला तरी चालेल. त्याऐवजी, १९८७ साली रविवारी सकाळी कामे उरकून दूरदर्शनपुढे हात जोडून बसणाऱ्या पिढीतले कोणी तुमच्या घरात असेल, तर त्यांना बरोबर न्या आणि मधूनमधून पडद्यावरून नजर काढून त्यांच्याकडे पाहा. तुमच्या वहीत आजवर न आलेली गोष्ट तेथे दिसेल. पुढच्या वर्षी राजामौलींचा ‘वाराणसी’ येईल, तोवर यातले काय जमले ते मला कळवा.

डिसेंबरात ‘ॲव्हेंजर्स : डूम्सडे’ आणि ‘ड्यून’चा तिसरा भाग एकाच दिवशी, १८ तारखेला, येणार आहेत. त्यांच्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, म्हणून मीही लांबण लावत नाही. मी आधी ‘ड्यून’ पाहीन, एवढेच सांगून ठेवते.

राहिली ताजा कलमाची गोष्ट. ‘ओडिसी’ १७ जुलै २०२६ रोजी येत आहे. संपूर्ण चित्रपट आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित झालेला आहे आणि परदेशात काही ठिकाणी ७० मिमी आयमॅक्सची तिकिटे तब्बल एक वर्ष आधी विक्रीला निघाली होती. त्यामुळे मोठ्या पडद्यासाठी जिवाचा आटापिटा करावा असा हा चित्रपट असेल, याबद्दल मला शंका नाही, आणि सांगलीकराने त्यासाठी पुण्याला जाण्यात काहीही वावगे नाही. पत्नीला ग्रीक दंतकथांची आवड नसेल तर तिला बळेच नेऊ नका; आवड असेल तर मुक्कामाचा बेत करा आणि दुसरा दिवस तिच्या मनाप्रमाणे घालवा. जुलैच्या मध्यावर पाऊस भरात असेल, म्हणून परतीचा प्रवास रात्रीचा ठेवू नका. त्या मित्राशी तोवर सारे सुरळीत झाले, तर पाचही जण मिळून गाडी करा. मात्र परत येताना निदान साताऱ्यापर्यंत चौघांना बोलू द्या. तुमची पाळी कऱ्हाडपासून पुढे.